जुनी डिझेल गाडी थंडीत स्टार्ट होत नाही? या चुका टाळा

सकाळी सेल्फ फिरतो, इंजिन धरत नाही, आणि बहुतेक जण थेट नवी बॅटरी आणतात. माझं कळकळीचं सांगणं आहे: खर्चाआधी सायलेन्सरकडे बघा. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मागे जाऊन उभे राहा.

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतोय? म्हणजे डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेनेच इंधन पेटतं. गारठलेलं इंजिन ती उष्णता शोषून घेतं, म्हणून तर ती हवा आधी तापवणारे हीटर प्लग असतात. डॅशबोर्डवरचा दिवा विझला म्हणजे हीटर चांगले, असं धरून चालू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो दिवा नुसत्या टायमरवर चालतो, प्लग जळलेले असले तरी वेळेवर विझतो. प्लगची वायर काढून मल्टिमीटर लावा. चांगला प्लग साधारण 1 ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो, जळलेल्याचं सर्किट तुटलेलं असतं, त्यात रीडिंगच येत नाही. सगळे प्लग ठीक निघाले तर रिले (प्लगना वीज सोडणारा स्विच) आणि फ्यूज तपासा.

धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. इथे लोक सर्वांत जास्त फसतात, कारण खाली गळतीचा एक थेंबही दिसत नाही. कडक झालेला रिटर्न पाइप (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारा) किंवा फिल्टरची दबलेली ओ-रिंग (रबरी रिंग) रात्रभर हवा आत घेते आणि डिझेल टाकीकडे परत सरकतं. सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हँडपंप घट्ट होईपर्यंत दाबून बघा. त्यानंतर गाडी लगेच स्टार्ट झाली, तर लाइन हवा घेतेय असं समजा. कुठून, ते शोधायला इंजिनच्या मुख्य डिझेल पंपाआधी पारदर्शक डिझेल पाइपचा तुकडा जोडा, बुडबुडे दिसतात.

इंजिन पटकन धरावं म्हणून हवेच्या वाटेत मारतात तो ईथरचा स्प्रे मात्र हीटर प्लग असलेल्या इंजिनात कधीही मारू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टन फुटू शकतो. रॉकेल मिसळण्याचा उपायही सोडा, पंपाला वंगण डिझेलमधूनच मिळतं.

सेल्फ एका वेळी 10 ते 15 सेकंदच मारा, मग मिनिटभर थांबा. तो रेंगाळत फिरत असेल, तर बॅटरीच्या आधी अर्थिंगची पट्टी (बॅटरीपासून बॉडी-इंजिनला जाणारी) आणि बॅटरीचे टर्मिनल घासून साफ करा.

एवढं करूनही पांढरा धूर आणि तोच त्रास राहिला, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजून घ्या.