मुंबईच्या खिडकीत एचेव्हेरिया

गुलाबाच्या फुलासारखी पाने रचणारी ही मांसल वनस्पती मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली असून तिला १८२८ साली आतानासिओ एचेव्हेरिया या मेक्सिकन चित्रकाराचे नाव देण्यात आले. तिकडच्या थंड, कोरड्या रात्री मुंबईत मिळत नाहीत, त्यामुळे येथे ही झाडे तहानेपेक्षा मुळे कुजूनच अधिक मरतात.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाच्या मुळांभोवतीचे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ओल धरून ठेवते. ते हलक्या हाताने काढून रोप तळाला भोक असलेल्या उथळ मातीच्या कुंडीत, एक भाग माती व दोन भाग जाड रेती आणि विटांचे बारीक तुकडे अशा मिश्रणात लावावे. कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवावी, कारण सकाळचे कोवळे ऊन मानवते, तर मे महिन्यातील दुपारचे पाने भाजते.

पाणी ठरावीक वारी देऊ नये. लाकडी काडी तळापर्यंत खुपसावी आणि ती कोरडी निघाली तरच सकाळी बुडाशी पाणी द्यावे. खालची पाने सुरकुतली तर झाड तहानलेले आहे. ती पिवळी, पारदर्शक व लिबलिबीत झाली तर पाणी ताबडतोब थांबवावे. जून ते सप्टेंबर कुंडी पावसाच्या झडीपासून दूर, पण वाऱ्याला ठेवावी आणि पाणी जवळजवळ बंद करावे. माझ्या मते वर्षभरातली खरी परीक्षा हीच. पानांवरची पांढरट भुकटी मात्र पुसू नये, ती झाडाचे संरक्षण आहे. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसल्यास ती पिठ्या ढेकूण ही कीड समजावी.

नवी रोपे नोव्हेंबरात, अखंड तोडलेले पान दोन-तीन दिवस सुकवून रेतीवर ठेवल्यास मिळतात.