साँसीच्या ज्वालामुखीवर हिवाळ्याची सुट्टी: बेत कसा आखायचा

ऑक्टोबर उजाडला की नात्यातल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. ‘ताई, यंदा बर्फात यायचं म्हणतोय, कधी येऊ?’ मी अकरा वर्षं फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँला राहते आणि साँसीचा डोंगर माझ्या दारापासून गाडीने तासाभरावर आहे. भाऊ-वहिनी, मावशी, नवऱ्याच्या मित्रांची दोन कुटुंबं असे बरेच जण येऊन गेले. दर वेळी फोनवर जे सांगते ते या वेळी नीट लिहून काढते आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: हे आल्प्स नाहीत. प्युई द साँसी हे मासिफ सेंट्रल या मध्य फ्रान्समधल्या पहाडी मुलखाचं सर्वांत उंच शिखर, पण उंची 1,886 मीटर. अटलांटिकवरून येणारे ढग इथे अडतात, त्यामुळे बर्फ भरपूर पडतो. पण वारा जरा उबदार झाला की त्याच उतारावर पाऊस कोसळतो. सोमवारी गुडघाभर बर्फ आणि शनिवारी पिवळं गवत, असं मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून आठ दिवस येणार असाल तर चार दिवस स्कीचे धरा, मात्र ते चार कोणते हे घरून ठरवून येऊ नका. स्की करणाऱ्यांना उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचा संपूर्ण आठवड्याचा पास आधी काढून ठेवला की माणूस पावसातही पैसे वसूल करायला बाहेर पडतो आणि सुट्टीचा विचका होतो. उरलेले दिवस इथले थंड ज्वालामुखी बघायचे. आणि खरं सांगते, पाहुणे परत गेल्यावर त्याच दिवसांबद्दल जास्त बोलतात.

तारखांचं म्हणाल तर जानेवारीचा दुसरा आठवडा ते महिन्याची अखेर. डिसेंबरात बर्फाचा भरवसा नसतो. फेब्रुवारीत फ्रान्सच्या शाळांना सुट्टी लागते. शाळा ए, बी, सी अशा तीन विभागांत वाटलेल्या आहेत, प्रत्येक विभागाला दोन आठवडे आणि तेही मागेपुढे, म्हणजे गर्दीचे एकूण चार आठवडे. त्या वर्षीचं वेळापत्रक शिक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतं, ते बघूनच तिकीट काढा. सुट्टीच्या काळात घरं बहुतेक शनिवार ते शनिवार अशीच भाड्याने मिळतात. जानेवारीत तीन-चार रात्रींसाठीही देतात. शनिवार-रविवारी आम्ही क्लेरमाँवाले सगळे वर चढतो, तेव्हा स्कीसाठी मधले वार घ्या.

फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क मोठ्यांना 90 युरो आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. इथे एक मेख आहे. व्हिसासाठी घेतलेल्या स्वस्त विम्यात हिवाळी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात. कागद वाचा आणि नसेल तर ते कलम वाढवून घ्या. फ्रान्समध्ये स्कीच्या उतारावरून जखमी माणसाला खाली आणायचे पैसे लागतात. त्यासाठी पासबरोबर दिवसाचा वेगळा विमा काही युरोंत मिळतो, तो न चुकता घ्या.

पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून क्लेरमाँला थेट गाडी आहे, साधारण साडेतीन तास. डोंगरावर रेल्वे जात नाही. पुढे बस किंवा भाड्याची मोटार. मोटार घेणार असाल तर 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या डोंगरी भागात हिवाळी टायर किंवा चाकांच्या साखळ्या कायद्यानेच सक्तीच्या आहेत. माझ्या भावाने विमानतळावर गाडी घेतली, ‘टायर आहेत ना?’ विचारलं, समोरच्याने मान हलवली, विषय संपला. क्र्वा-मोराँच्या 1,401 मीटर उंच खिंडीत संध्याकाळी पाच वाजता गाडी जागच्या जागी फिरू लागली. उन्हाळी टायर होते आणि साखळ्या नव्हत्याच. मागे वहिनी आणि दोन पोरं. बर्फ साफ करणाऱ्या यंत्राचा चालक तासाभराने आला म्हणून निभावलं. तेव्हा गाडीची किल्ली हातात घेण्याआधी खाली वाका आणि टायरच्या कडेला डोंगर आणि बर्फाचा कण कोरलेलं चिन्ह आहे का ते डोळ्यांनी बघा. नसेल तर साखळ्या मागा आणि तिथेच पार्किंगमध्ये एकदा चढवून बघा. क्र्वा-मोराँ बर्फाने बंदही होते, म्हणून निघण्याआधी रस्त्यांची स्थिती तपासा.

राहायला तीन जागा. पहिल्यांदा स्की करणाऱ्यांनी आणि लहान मुलं असणाऱ्यांनी सुपर-बेस गाठावं. 1961 साली मुद्दाम स्कीसाठी वसवलेलं गाव, 1,350 मीटरवर, रुंद आणि सोपे उतार, ऊनही चांगलं. दुसरी जागा ल मों-दोर, डोंगराच्या पलीकडे, उत्तरेकडच्या बाजूला. तिथे बर्फ जास्त टिकतो पण उतार अवघड. रोमन काळापासून गरम झऱ्यांसाठी नावाजलेलं हे गाव, आणि इथूनच केबल कार शिखराच्या थोडं खालपर्यंत नेते. स्की न करणारे आजी-आजोबाही त्यातून जाऊ शकतात. शिखरावर जाणाऱ्या लाकडी पायऱ्या मात्र हिवाळ्यात बर्फाखाली असतात, तो मोह नको. तिसरं, माझं आवडतं, बेस. काळ्या लाव्हाच्या दगडात बांधलेलं जुनं गाव, सुपर-बेसपासून थोडंच खाली. गल्लीत दिवे लागल्यावर त्या भिंतींवरून हात फिरवून बघा, दगडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं लागतात. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूची ती खूण.

सामान विकत घेऊ नका, सगळं भाड्याने मिळतं. बुटांचं तेवढं नीट लक्षात ठेवा, कारण नव्या माणसाचा दिवस बूटच बिघडवतात. मोजा एकच घाला, पातळ आणि पोटरीपर्यंत येणारा. थंडी वाजेल म्हणून दोन घातले की घडी पडते आणि तासाभरात फोड येतो. बूट चढवून ताठ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे. गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की तो किंचित मागे सरकला पाहिजे. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. दुकानात पाच मिनिटं तसंच उभं राहा, लाजू नका. जीन्स घालू नका, ती भिजते. हेल्मेट घ्याच.

शिकायला लाल जाकीटवाल्या फ्रेंच स्की स्कूलकडे पहिल्या दोन सकाळी नोंदवा. नवऱ्याकडून किंवा भावाकडून शिकू नका. आमच्याकडे त्यातून भांडणंच झाली. सरकत्या पट्ट्यावरून पुढे गेल्यावर बशीसारखी चकती असलेली ओढ-लिफ्ट येते. ती दोन पायांमध्ये धरायची असते, तिच्यावर बसायचं नसतं. बसलात की दोरी लांबते आणि तुम्ही बर्फात. गुडघे सैल, स्की समांतर, बाकी ओढायचं काम तिचं.

आता वाऱ्याबद्दल. जमिनीवरचा बर्फ उडवत नेणाऱ्या इथल्या वाऱ्याला ओव्हेर्न्यची, म्हणजे या आमच्या प्रदेशातली माणसं ‘एसिर’ म्हणतात. दहा मिनिटांत समोरचं सगळं पांढरं होतं, वर-खाली कळत नाही, पोटात ढवळतं. अशा वेळी उताराच्या कडेच्या काठ्या शोधा. त्यांच्यावरच्या गोल पाट्यांचा रंग उताराची अवघडता सांगतो: हिरवा, निळा, लाल, काळा, या चढत्या क्रमाने. त्यावर आकडाही असतो आणि खाली जाताना तो घटत जातो. 1 आला की तळ आला. आकडे कमी होत असतील तर तुम्ही बरोबर चालला आहात. कुणाला लागलं तर 112 वर उताराचं नाव आणि हाच आकडा सांगा.

ज्वालामुखीच्या दिवसांत पहिला मान पाव्हाँ सरोवराचा. सुमारे 7,000 वर्षांपूर्वीच्या स्फोटाने पडलेलं हे विवर, बेसपासून जवळ, जवळपास पूर्ण गोल आणि 92 मीटर खोल. साधारण 60 मीटरखालचं पाणी वरच्या पाण्यात कधी मिसळतच नाही. काठाने पायवाट आहे, सावलीत ती काचेसारखी गोठते, म्हणून बुटांना अडकवायचे खिळे जवळ ठेवा. माझी मावशी तिथे अर्धा तास काही न बोलता उभी होती. दुसरा दिवस प्युई द डोमचा, 1,465 मीटर. 2012 पासून दातेरी रुळांची रेल्वे वर नेते. हिवाळ्यात रोज धावतेच असं नाही, वेळापत्रक बघा. 19 सप्टेंबर 1648 रोजी फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालच्या मेव्हण्याने इथेच पाऱ्याची नळी वर नेली आणि उंचीबरोबर हवेचा दाब घटतो हे दाखवून दिलं. शाळकरी मुलांना हे वर उभं करूनच सांगा. माथ्यावर रोमन मंदिराचे अवशेष आहेत आणि आकाश स्वच्छ असेल तर थंड ज्वालामुखींची रांग एका नजरेत दिसते. या रांगेला 2018 साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. गेरीच्या खिंडीतून ट्युइलिएर आणि सानाद्वार हे समोरासमोरचे दोन सुळकेही बघा. ट्युइलिएरचे दगडी खांब जमिनीतून रचून काढल्यासारखे उभे आहेत.

जेवणात त्रुफाद मागा: बटाटा, लसूण आणि ताजं चीज, ओढलं की तार निघते. शाकाहारी असाल तर ‘साँ व्हियांद, साँ लार्दाँ’ (मांस नको, डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत) असं स्पष्ट सांगा आणि चरबीत परतलंय का तेही विचारा. सेंत-नेक्तेर चीज प्रसिद्ध आहे, पण त्यातलं रेनेट, म्हणजे दूध फाटवायचं विरजण, प्राणिज असतं, हे कट्टर शाकाहाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. दुपारी दोननंतर स्वयंपाकघरं बंद होतात.

बाकी रोजचा बेत आदल्या संध्याकाळी ठरवा. जेवणं झाली की मेतेओ-फ्रान्स या इथल्या हवामान खात्याचा अंदाज उघडा, मग सुपर-बेस आणि ल मों-दोर दोन्हीकडचे वेबकॅम. वरच्या लिफ्टच्या टोकाशी वाऱ्याचा वेग किती आहे ते बघा, कारण बर्फ कितीही चांगला असला तरी वाऱ्यामुळे लिफ्ट थांबतात. सगळं जुळलं तर रात्रीच एका दिवसाचा पास काढा आणि सकाळी नऊला रांगेत उभे राहा. नाही जुळलं तर गजर बंद करा आणि सकाळी सावकाश पाव्हाँकडे निघा.