विहिरींची वही: इंदुरातल्या बावड्या नकाशावर कशा नोंदवाव्यात

रामबागेतल्या आमच्या जुन्या वाड्यात मागच्या चौकाला विहीर होती. सासूबाई लग्नकार्याच्या आधी तिची पूजा करायच्या. १९७८ साली जलूदहून नर्मदेचं पाणी इंदुरात आलं, घरोघरी नळ झाले आणि विहिरीचं काम संपलं. आधी रहाट उतरला, मग तोंडावर जाळी आली, जाळीवर फरशी. आज तिथे स्कूटरी उभ्या असतात. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, मुलांकडून अ‍ॅमेझॉनचं खोरं रंगवून घेतलं. पण ज्या विहिरीचं पाणी आमच्या घराने तीन पिढ्या प्यायलं, ती एकाही नकाशावर नव्हती.

३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, पटेल नगरातल्या मंदिरात बावडीवर टाकलेला स्लॅब खचला आणि ३६ माणसं गेली. त्यानंतरचे कित्येक दिवस आमच्या गल्लीत एकच बोलणं होतं: आपल्या पायाखाली काय आहे? ते सांगू शकणारी माणसं ऐंशीच्या घरात होती. मी तेव्हाच एक फुलस्केप वही आणली. आज आम्ही नऊ जण आहोत, त्यात दोन कॉलेजची मुलं, एक रिक्षावाले दादा आणि बोअरिंगचं काम करणारे एक भाऊ. दर रविवारी सकाळी पोहे खाऊन निघतो आणि उन्हं तापायच्या आत परततो. तुमच्या वस्तीत असं काही सुरू करायचं असेल, तर आम्हाला जे चुकतमाकत कळलं ते सांगते.

जागा शोधण्यापासून सुरुवात करा, फोनपासून नको. ‘इथे बावडी कुठे आहे?’ असं विचारलं की लोक मान हलवतात, कारण त्यांच्या लेखी ती उरलेलीच नसते. ‘नर्मदा यायच्या आधी पाणी कुठून भरायचात?’ असं विचारा. मग आजी उठून दारापर्यंत येतात, हात करून दाखवतात, कुठल्या बाजूला धुणं व्हायचं आणि कुठल्या बाजूला प्यायचं पाणी भरायचं तेही सांगतात. हा प्रश्न बायकांना विचारावा. पाणी त्यांनी ओढलेलं असतं. बोअरिंगवाल्यांनाही विचारा. त्यांची मशीन कुठे पोकळीत गेली, कुठे जुनं दगडी बांधकाम लागलं, हे त्यांच्या पक्कं लक्षात असतं. आमच्या यादीतल्या चार विहिरी निव्वळ या भाऊंच्या आठवणीतून आल्या.

नाव जसं ऐकलं तसंच लिहा. महाराष्ट्रातला माणूस पायऱ्यांच्या विहिरीला बारव म्हणेल, आपल्याकडे तीच बावडी. कुणी कुआँ म्हणेल, कुणी कुंड. वहीत शुद्धलेखन तपासत बसू नका. एकाच विहिरीची तीन नावं निघाली तर तिन्ही लिहा आणि पुढे कोणी सांगितलं ते लिहा: ‘समोरच्या आजी’, ‘मंदिराचे पुजारी’. माणसाचं नाव, फोन नंबर सार्वजनिक यादीत अजिबात घालू नका.

आता जीपीएस. पहिल्या रविवारी सगळ्यांना घेऊन राजवाड्यासमोरच्या बागेत जा. अहिल्याबाईंच्या पुतळ्याजवळ एका ठरलेल्या जागी पाळीपाळीने उभं राहून प्रत्येकाने आपल्या फोनवरचे अक्षांश-रेखांश टिपायचे. आकडे अगदी सारखे येणार नाहीत, आणि तेच सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघायला हवं. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन पाचएक मीटरच्या आत जागा सांगतो. सराफ्याच्या मागच्या गल्ल्यांत मात्र उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून येतो आणि फोन तुम्हाला शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवतो. तिथे घाई करू नये. फोन छातीपुढे सपाट धरून दोन-तीन मिनिटं थांबा, नकाशावरचं निळं वर्तुळ लहान होऊ द्या, मग आकडे घ्या. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी परत घ्या. दोन नोंदींत दहा मीटरांहून जास्त अंतर पडलं तर तिसरी घ्या.

आकडे दशांश अंशांतच लिहायचे, दशांश चिन्हापुढे पाच घरं. आपल्या भागात पाचवं घर म्हणजे जमिनीवर दोन्ही दिशांना साधारण एक मीटर. त्यापुढचे आकडे फोन दाखवतो, पण त्यांत काही अर्थ नसतो. इथे आमची एक मोठी चूक झाली. आमच्यातल्या एकाच्या अ‍ॅपमध्ये अंश-मिनिटं लागलेली होती. २२ अंश ४३ मिनिटं असं दिसत होतं, त्याने वहीत २२.४३ लिहिलं. ४३ मिनिटं म्हणजे ४३ भागिले ६०, म्हणजे २२.७१७ व्हायला हवं. नकाशावर टाकल्यावर जुन्या इंदुरातली ती विहीर जवळजवळ ३२ किलोमीटर दक्षिणेला, महूच्याही पलीकडे जाऊन पडली. सहा नोंदी अशा निघाल्या, सहाही ठिकाणी परत जावं लागलं. म्हणून निघण्यापूर्वी सगळ्यांच्या फोनची सेटिंग एकदा बघाच. उंचीचा रकाना ठेवूच नका: फोनची उंची कधी समुद्रसपाटीपासूनची असते, कधी गणिती पृथ्वीगोलापासूनची, आणि आपल्याकडे या दोहोंत पन्नास मीटरांहून जास्त फरक आहे.

मला या आकड्यांचं वेड आहे, म्हणून एक सांगतेच. राजवाड्यासमोर रेखांश ७५.८५ च्या आसपास दिसतो. उज्जैनची वेधशाळा ७५.७७ वर आहे, आणि आपल्या प्राचीन ज्योतिषांनी शून्य रेखावृत्त उज्जयिनीतूनच धरलं होतं. त्या रेषेपासून आपण जेमतेम नऊ किलोमीटर पूर्वेला राहतो. हे ऐकल्यावर कॉलेजच्या मुलांनी वहीत एक जास्तीचा रकाना आखला: ‘उज्जयिनीपासून किती’. त्याचा उपयोग काही नाही, पण तो आम्ही आजही भरतो.

झाकलेल्या विहिरीबद्दल आमचा नियम पक्का आहे: स्लॅबवर, फरशीवर, जाळीवर कोणीही पाय ठेवायचा नाही. घरमालक ‘या हो, ट्रक उभा राहतो इथे’ म्हणाला तरी नाही. बाजूच्या पक्क्या जमिनीवर उभं राहून आकडे घ्यायचे आणि पुढे लिहायचं: ‘विहीर या बिंदूपासून अंदाजे सहा मीटर उत्तरेला.’ दिशा फोनच्या होकायंत्रावरून, अंतर नजरेने. उघड्या बावडीतही पायऱ्या उतरायच्या नाहीत. शेवाळ असतं, आणि बंद जागेत खाली हवा वाईट असू शकते. खोली मोजायची असेल तर दोरीला दगड बांधून काठावरून, तेही कठडा धड असेल तरच.

नोंदीत बाकी काय हवं? तोंड गोल की चौकोनी, पायऱ्या आहेत की नाहीत, पाणी दिसतं का, कशाने झाकली आहे, वाट सार्वजनिक आहे की कुणाच्या घरातून, आणि तारीख. तारखेशिवाय नोंद आम्ही वहीत घेत नाही. फोटो चार: एक लांबून, ज्यात आजूबाजूचं घर किंवा झाड ओळखू येईल, एक तोंडाचा, एक आतला, काठावरून, आणि असल्यास शिलालेखाचा.

शिलालेखावर थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. अक्षरं दिसावीत म्हणून लोक खडू फिरवतात, तेल ओततात, कधी शेंदूर फासतात. असं काही करू नका, नुसत्या पाण्याने धुऊही नका. दगड झिजलेला असतो, खडूची रेघ खोट्या जागी गेली की पुढचा माणूस तेच अक्षर वाचतो. त्यापेक्षा संध्याकाळी जा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरा. आडव्या उजेडात खाचांच्या सावल्या पडतात आणि दिवसा सपाट दिसणारा दगड बोलायला लागतो. टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो काढा. सालाच्या बाबतीत इंदुरात एक घोळ नेहमी होतो. होळकरांच्या मराठी मंडळींची नोंद शकात असायची, माळव्यातल्या व्यापाऱ्यांची विक्रम संवतात. शकात ७८ मिळवा, संवतातून ५७ वजा करा. शके १७९५ आणि संवत १९३०, दोन्ही १८७३ सालच. आमच्या हाती एक दगड आला ज्यावर नुसता आकडा होता, ना शके ना संवत. तो आकडा आहे तसा लिहिला आणि पुढची जागा कोरी ठेवली. अंदाजाने साल घालण्यापेक्षा कोरी जागा बरी.

हा छंद तसा जगभर आहे. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत सामान्य माणसाला मिळणाऱ्या जीपीएसमध्ये अमेरिकेने मुद्दाम चूक मिसळलेली असायची, शंभर मीटरपर्यंत. ती काढली आणि दोनच दिवसांत ओरेगॉनमध्ये एकाने जंगलात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून जिओकॅशिंग निघालं, म्हणजे आकड्यांवरून लपवलेली वस्तू शोधायचा खेळ. पुढे २००५ साली वेमार्किंग आलं, ज्यात काही लपवायचं नसतं. जगात आहे तेच प्रकार पाडून नोंदवायचं: कारंजी, घड्याळं, मैलाचे दगड. आम्ही करतो ते या दुसऱ्या जातीचं.

नोंदी ठेवायच्या कुठे? आमची कागदाची वही पहिली, तिच्यावरून एक साधी स्प्रेडशीट, आणि सार्वजनिक जागेवरच्या विहिरी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर. तिथे खातं फुकट उघडतं, फोनवर ‘एव्हरी डोअर’ अ‍ॅप घेतलं की जागेवर उभं राहून विहीर टाकता येते, नाव देवनागरीत देता येतं. एकच पथ्य आहे: गूगलच्या नकाशावरून बघून काहीही उतरवायचं नाही, त्याला परवानगी नाही. पायांनी जाऊन पाहिलेलंच टाकायचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांचे नियम सैल केल्यापासून आपल्यासारख्यांना अशा नोंदींसाठी आधी परवानगी लागत नाही. तरीही महूच्या छावणीच्या बाजूला आम्ही फोन खिशातच ठेवतो. घराच्या आतल्या विहिरी सार्वजनिक नकाशावर टाकत नाही. मालकाने स्वतः सांगितलं तरी एक आठवडा थांबून पुन्हा विचारतो. घरातली बाकी माणसं काय म्हणतात ते तेवढ्यात कळतं.

यादी झाली की काम संपलं असं पहिल्या वर्षी वाटलं होतं. मग पावसाळ्यानंतर पुन्हा फिरलो आणि तीन नोंदी खोट्या ठरल्या होत्या. एका ठिकाणी मलबा टाकून विहीर भरलेली, एकीवर नवी फरशी, आणि एक, जिला आम्ही ‘कोरडी’ लिहिलं होतं, ती काठोकाठ भरलेली. तेव्हापासून दरवर्षी दसरा ते दिवाळीच्या मधल्या रविवारी सगळी यादी पुन्हा पायी करतो. जुनी ओळ खोडायची नाही, तिच्याखाली नवी तारीख घालून नवी ओळ. बुजवलेली विहीरही यादीत राहते: ‘बुजवली, अमुक तारखेला पाहिली’. उद्या तिथे कुणी पाया खणायला आलं तर हीच ओळ त्याच्या कामाची आहे.

वहीतली पहिली नोंद आमच्या वाड्याचीच आहे. फरशीच्या बाहेर, जिन्याच्या पायरीशी उभं राहून घेतलेले आकडे, पुढे ‘चार मीटर पूर्वेला’. सांगणारं माणूस म्हणून तिथे मी सासूबाईंना लिहिलं आहे. ‘आता पाणी दिसतं का’ या रकान्यात ‘झाकलेली’ लिहून मी पुढे गेले होते. मागच्या दिवाळीत शेजारच्या काकूंनी फरशीच्या कडेची फट दाखवली. जमिनीवर गुडघे टेकून, बाजूनेच, तिच्यातून टॉर्चचा उजेड आत सोडला. खाली हललं. त्या रात्री पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ घातली: पाणी आहे.