रेडिओचा अख्खा दिवस : आदल्या रात्रीपासूनची तयारी

पहाटेपासून रात्रीपर्यंत रेडिओवर शास्त्रीय संगीत ऐकायचं, प्रत्येक राग त्याच्या त्याच्या वेळेला, असा एक अख्खा दिवस काढायचा तर सगळ्यात आधी नळाची पाळी बघा, कॅलेंडर नंतर. सोलापुरात पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात मोटर, बादल्या आणि आरडाओरडा यांचीच मैफल असते. ललत रागातले दोन मध्यम (शुद्ध आणि तीव्र ‘म’) एकामागून एक लागताहेत आणि खालून मोटर सुरू झाली, की संपलं. पाळीनंतरचा शनिवार मिळाला तर सोनं. आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, आणि शनिवारची रात्र त्याचीच, असं आमच्या घरात वर्षानुवर्षं ठरलेलं. जानेवारीतले गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे दिवस सोडा, लग्नसराई सोडा.

दिवसभर लावायचं काय? नेहमीच्या केंद्रावर शास्त्रीय संगीत तुकड्यातुकड्यांत येतं, थोडं सकाळच्या सभेत, थोडं रात्रीच्या. सलग हवं असेल तर ‘रागम’. आकाशवाणीची ही चोवीस तासांची वाहिनी २६ जानेवारी २०१६ ला सुरू झाली. ती मोबाइलच्या अ‍ॅपवर किंवा फ्री डिशवर लागते. मी दोन्ही ठेवतो, रेडिओचा सेटही आणि मोबाइलही. फक्त एक करू नका : स्वयंपाकघरात सेट आणि पुढच्या खोलीत अ‍ॅप, एकच केंद्र, असं लावू नका. अ‍ॅप काही सेकंद मागे चालतं, आणि एकाच गवयाची तान दोनदा ऐकताना डोकं उठतं.

सेटमध्ये नवे सेल घाला. वीज जाते तेव्हा नेमकी आलापीच चालू असते. मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) ऐकणार असाल तर चार्जर आणि एलईडी दिवे लांब ठेवा, खरखर बरीच कमी होते. शेजारी यंत्रमाग असेल तर सेट हळूहळू फिरवून बघा. आतली दांडीची एरियल एका दिशेने कमी घेते. ती दिशा मागाकडे आली की आवाज सुधारतो. मी खिडकीच्या कट्ट्यावर खडूने खूणच करून ठेवली आहे. दिवस मावळल्यावर लांबची कानडी-तेलुगू स्टेशनं आपोआप येऊ लागतात. उन्हामुळे वातावरणात वर एक थर तयार होतो, तो दिवसा या लहरी गिळतो. रात्री तो विरतो आणि लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून लांबवर उतरतात.

आता वही. माझ्या मते सगळ्या तयारीत हीच खरी, बाकीचं एकवेळ राहिलं तरी चालेल. डाव्या पानावर सकाळ, उजव्या पानावर संध्याकाळ, आणि समोरासमोर जोड्या. देसकारासमोर भूप : दोघांचेही स्वर सा रे ग प ध एवढेच. पण सकाळचा देसकार धैवताला धरून वरच्या अंगात फिरतो, रात्रीचा भूप गंधारावर बसतो. तोडीसमोर मुलतानी : कोमल रिषभ, गंधार, धैवत आणि तीव्र मध्यम दोन्हीकडे, पण मुलतानी चढताना रिषभ-धैवत सोडून जातो, म्हणून दुपार कलताना तेच स्वर वेगळेच वाटतात. हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही. मैफलीतही साधत नाही, कारण हुतात्मा स्मृती मंदिरातली मैफल बहुधा संध्याकाळची, सुरुवातच यमनाने नाहीतर पुरिया धनाश्रीने; आणि उघड्यावर असेल तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद. सकाळचा तोडी आणि दुपारचा मुलतानी एकाच दिवशी, एकाच कानाने ऐकायचा तर रेडिओच.

पेन्सिल वहीला दोऱ्याने बांधा. रागाचं नाव बहुतेक वेळा आधी सांगतात, आणि नेमका तेव्हाच दूधवाला येतो. एकदा असंच झालं; मी अंदाजाने ‘तोडी’ लिहिलं आणि ते कितीतरी दिवस तसंच राहिलं. पुढे तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लागलं तेव्हा लक्षात आलं, यात पंचमच नाही, हा गुजरी. म्हणून आता नाव चुकलं तर जागा कोरी सोडतो आणि शेजारी फक्त ‘प?’ लिहितो. साथीचंही लिहा. जुन्या ध्वनिमुद्रणात पेटी नसेल तर नवल करू नका. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने पेटीला बाहेरच ठेवलं होतं, सारंगी ऐकायला तोच काळ उत्तम.

खाणं आदल्या दिवशी उरका. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. कुकर नाही, मिक्सर तर मुळीच नाही. आलापीत फोडणी घालायची नाही हा नियम मी केला, तो मोडतोही मीच.

पहाटे केंद्राच्या ओळखधूनीपासून सुरुवात करा, ती चुकवू नका. संगीतकार वॉल्टर कॉफमन यांची ही धून शिवरंजनी रागाच्या स्वरांवर बेतलेली मानतात, आणि शिवरंजनी तर रात्रीचा! वेळेचं एवढं पाळणाऱ्या आकाशवाणीचा दिवस रात्रीच्या सुरांनी उजाडतो, याची मला दरवेळी गंमत वाटते.

दुपारी पडदे ओढून घ्या, कूलरची घरघर सहन होत असेल तरच चालू ठेवा. सारंग, मग भीमपलासी. हा वेळ लोक झोपण्यात घालवतात. याच वेळात कर्नाटक संगीत लागलं तर शेजारच्यांना बोलवा, विशेषतः सोलापूरच्या पूर्वभागात, तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत राहत असाल तर. त्यागराजांच्या कृती, म्हणजे गाण्याच्या रचना, तेलुगू. आम्ही राग ओळखत बसतो, आणि शेजारच्या अक्का चहाचा कप हातात धरून शब्दच सांगायला लागतात. मागे ‘एंदरो महानुभावुलु’ लागलं. निवेदकाने श्री राग म्हटलं, मी म्हटलं हा आपला हिंदुस्थानी श्री वाटत नाही. तो नाहीच, नाव एक, स्वर वेगळे. अक्का म्हणाल्या, “भाऊ, तू स्वर मोज, मी अर्थ सांगते. किती थोर थोर लोक होऊन गेले, सगळ्यांना नमस्कार, असं म्हणतोय तो.” त्यांच्यासाठी एक खुर्ची आधीच खिडकीशी ठेवा.

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला मारवा आणि पुरिया. स्वर तेच, पंचम दोघांतही नाही. मारवा षड्ज टाळत रिषभ-धैवतावर रेंगाळतो, पुरिया खाली मंद्रात उतरतो. रात्रीसाठी इअरफोन हाताशी ठेवा, कारण दरबारीतला आंदोलित गंधार हळू आवाजात नीट लागत नाही आणि मोठ्याने लावला तर घरचे उठतात. मोबाइल चार्जरला लावूनच ऐका.

मारवा-पुरियाच्याच स्वरांची तिसरी बहीण सोहनी. ती रात्रीच्या शेवटच्या प्रहरात, तार सप्तकात. तिच्यासाठी गजर लावावा लागतो. मी दरवेळी लावतो आणि दरवेळी बंद करून झोपतो. वहीत मारवा-पुरियाखालची ओळ अजून कोरीच आहे.