लिंबाला डिंक सुटलाय? फवारणी नंतर, आधी बुंध्याशी वाका

कोल्हापुरात जुन्या घरांच्या परड्यात एक तरी लिंबाचं झाड असतंच, आणि न्हाणीचं सांडपाणी हमखास त्याच्याच बुडात सोडलेलं असतं. वरनं झाडाला विटांचा कट्टा आणि कट्ट्यात वर्षानुवर्षं टाकलेली माती, शेण, पालापाचोळा. मग जूनमध्ये पाऊस लागला की चार महिने ती जागा वाळतच नाही, आणि एक दिवस खोडातनं मधासारखा डिंक ओघळताना दिसतो. हाच डिंक्या.

माझ्या झाडाची पानं पिवळी पडली (मधली शीर आधी पिवळी होते) तेव्हा मी पण सगळ्यांसारखं दुकानात जाऊन "बुरशीचं औषध द्या" म्हटलं, त्यानं कार्बेन्डाझिमची पुडी दिली, मी दोनदा पानांवर मारली आणि काडीचा फरक पडला नाही. पडणारच नव्हता. डिंक्या करणारी फायटोप्थोरा ही खरी बुरशी नाहीच, ती शेवाळाच्या भाऊबंदातली, तिच्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही. तिचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहत जातात, म्हणजे बुंध्याशी पाणी साचलं की तिला रस्ताच मोकळा. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेकाठच्या ज्या परड्यांत पाणी उभं राहिलं तिथली लिंबं नीट तपासून घ्या.

आधी खात्री करा. डिंकाजवळ लाकडाचा भुसा किंवा जाळी दिसली तर ती कीड, तिचा इलाज वेगळा. साल तपकिरी, ओलसर, दाबली की मऊ लागते आणि हे सगळं जमिनीलगत आहे, तर डिंक्या.

आता कट्टा फोडा. जिवावर येतं, पण फोडा. बुंध्याभोवतीची माती काढत जा, वरची मुळं सुरू होतात तिथं थांबा. कलमी झाड असेल तर डोळा भरलेली जागा (जिथं खालच्या खुंटावर कलम जोडलेलं असतं) मातीच्या वर वीतभर तरी दिसली पाहिजे. सांडपाण्याचा पाइप दुसरीकडं वळवा, केळीला द्या, ती खूश होईल. लिंबाला दुहेरी आळं करायचं, म्हणजे खोडाभोवती मातीचा छोटा उंचवटा आणि पाणी त्याच्या बाहेरच्या गोलात, खोडाला पाणी लागताच कामा नये. अर्धा इलाज इथंच होतो.

मग कोरडा दिवस बघून धारदार चाकूनं सडलेली साल खरवडा, आतली ताजी साल लागेपर्यंत. खरवडलेलं खाली पेपरवर धरा आणि जाळा. सडका भाग निम्म्या खोडाला वेढून गेला असेल तर झाड वाचायची आशा कमीच. जखम पोटॅशियम परमँगनेटनं धुवा, लिटरला 10 ग्रॅम.

जखम वाळली की बोर्डो पेस्ट. फ्रान्समधल्या बोर्दो भागात 1885 च्या सुमारास द्राक्षांच्या रोगावर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं हे मिश्रण पुढं आलं, आणि आजही स्वस्तात मस्त आहे. 100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, प्लॅस्टिकच्या बादलीत, लोखंडी भांडं अजिबात नको. दुसऱ्या बादलीत 100 ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटरमध्ये विरघळवा, तो खदखदतो आणि अंगावर उडतो, तेव्हा चष्मा-हातमोजे घाला आणि पोरांना लांब ठेवा. चुना निवला की मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्यात ओता, ढवळत राहा. छान आकाशी रंग येतो. त्यात घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. पेस्ट त्याच दिवशी वापरायची, उरली तरी उद्यासाठी ठेवू नका. ब्रशनं जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत सगळं खोड रंगवा.

हे वर्षातनं दोनदा: मे महिन्यात पाऊस लागायच्या आधी, आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडल्यावर.

रोग मुळांपर्यंत गेलाय असं वाटलं तर मेटालॅक्झिल आणि मँकोझेब एकत्र असलेलं औषध आळ्यात ओततात, प्रमाण लेबलवर बघूनच, अंदाजानं नाही. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) शेणखतात मुरवून घालायचा असेल तर औषध आणि त्यात दोन-तीन आठवडे जाऊ द्या, नाहीतर ती चांगली बुरशीच मरेल.

शेजारच्या आंब्याच्या मोहोरावर पांढरी भुरी असेल तर तिला ही पेस्ट नाही, तिथं पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम, ऊन उतरल्यावर.

दोन महिन्यांनी परत वाकून बघा. जखमेच्या कडेनं नवी साल फुगीर होऊन आत सरकत असेल तर जमलं. नवा डिंक दिसला तर औषध बदलायच्या आधी पाणी कुठनं येतंय ते शोधा, माझ्याकडं शेजारच्या टाकीचा ओव्हरफ्लो निघाला होता.