कोंबडी मैदानात उतरण्याआधी: फुटबॉल क्लब चालवताना या चुका टाळा

ऑक्टोबर 2011 मध्ये बालेवाडीला एक मैत्रीपूर्ण सामना झाला होता. एकीकडे आपला पुणे एफसी, दुसरीकडे थेट प्रीमियर लीगमधला, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतला, ब्लॅकबर्न रोव्हर्स. ब्लॅकबर्न पुण्यात कसा? तर त्याचे मालकच पुण्याचे. ज्यांची अंडी आणि चिकन आपल्या फ्रीजमध्ये असतं त्या वेंकीजने नोव्हेंबर 2010 मध्ये 2 कोटी 30 लाख पाउंड मोजून हा क्लब घेतला होता. पुढच्या सहा वर्षांत ब्लॅकबर्न इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला आणि पुणे एफसीचं दुकानच बंद झालं.

पुण्यातल्या स्थानिक लीगमध्ये खेळणाऱ्या एका छोट्या क्लबाचे हिशेब मी बघतो. त्यामुळे मोठ्या क्लबांचे घोळ वाचताना मला हसू कमी आणि घाम जास्त येतो. त्यांच्या आणि आमच्या चुकांत फरक असतो तो बहुतेक शून्यांचा. कोणी नवा क्लब काढत असेल, अकादमी विकत घेत असेल किंवा स्पॉन्सर म्हणून पाय टाकत असेल, तर त्याने आधी हे वाचावं.

पहिल्याच महिन्यात मॅनेजरची विकेट

वेंकीज आले तेव्हा ब्लॅकबर्नची गाडी बरी चालली होती. आदल्या हंगामात संघ दहावा आला होता. मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइस, रांगडा आणि बघायला कंटाळवाणा फुटबॉल खेळवणारा, पण संघाला खालच्या श्रेणीत घसरू न देण्याची कला अंगी असलेला माणूस. मालकी बदलून महिनाही झाला नव्हता तेव्हा, 13 डिसेंबर 2010 ला, त्याला काढलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता. जागी आला स्टीव्ह कीन, जो तोवर प्रशिक्षकांच्या फळीत होता आणि ज्याने कुठलाही संघ स्वतः चालवला नव्हता. दोन महिन्यांनी मुख्य कार्यकारी अधिकारीही गेला. म्हणजे ज्या दोघांना क्लबातली प्रत्येक कळ माहीत होती ते दोघे बाहेर, आणि मालक पुण्यात.

त्याच सुमारास क्लब ब्राझीलचा स्टार रोनाल्डिन्होच्या मागे लागला होता. शिवाय एक जाहिरात आली: सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये बसून ब्लॅकबर्नचे खेळाडू चिकनचे लेगपीस खाताहेत. इथे आपल्याला ती गंमत वाटली असेल, पण तिथल्या लोकांना नाही वाटली. 7 मे 2012 ला विगनविरुद्ध हरून संघ दुसऱ्या श्रेणीत गेला, त्या सामन्यात कोणीतरी क्लबाचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली.

यातली खरी चूक मॅनेजर काढणं ही नव्हे. मॅनेजर सगळेच काढतात. चूक ही की त्याच्यानंतर काय, याचं उत्तर क्लबाच्या कुठल्याही खोलीत नव्हतं. शिवाय नव्या मालकाला सल्ला देणाऱ्यांत एजंट मंडळी होती. एजंट वाईटच असतो असं नाही, पण व्यवहार झाला तरच त्याची चूल पेटते. तुम्हाला खेळाडू हवा की नको, हे ज्याला विकायचंय त्यालाच विचारलंत तर उत्तर काय येणार?

सही कोणाची, हे न ठरवणं

घसरल्यानंतरचा 2012-13 चा हंगाम तर मी आमच्या कमिटीला उदाहरण म्हणून सांगतो. सप्टेंबरमध्ये कीन गेला. ऑक्टोबरअखेर हेनिंग बर्ग आला, 57 दिवसांत गेला. जानेवारीत मायकल अ‍ॅपलटन आला, 67 दिवसांत गेला. बर्गच्या नुकसानभरपाईचा वाद कोर्टात पोचला. तिथे क्लबाने काय म्हणावं? की ज्या व्यवस्थापकीय संचालकाने बर्गशी करार केला त्याला तसा अधिकारच नव्हता. कोर्टाने ते ऐकलं नाही. बर्गला 22 लाख 50 हजार पाउंड मिळाले, 57 दिवसांचे.

वरच्या पदावरच्या माणसाला आपला अधिकार कुठवर आहे हेच नक्की नसेल तर खालचे काय करणार? कोण कोणाला फोन करतो यावर क्लब चालायला लागतो. ज्याचा फोन मालकाला लागतो तो वरचढ.

आमच्याकडचा किस्सा सांगतो. आमचे एक स्पॉन्सर होते, मनाने मोकळे, किट त्यांचंच. एका सामन्याच्या मध्यंतरात ते लाइनपाशी आले आणि म्हणाले, "कोच, आमच्या भाच्याला दुसऱ्या हाफला घ्या की. माझी बहीण बघायला आलीय." कोचने माझ्याकडे बघितलं. मी बुटांच्या लेसकडे बघितलं. भाचा लेफ्ट बॅकला, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावाला, उतरला आणि आम्ही त्याच बाजूने दोन गोल खाल्ले. दोष त्या पोराचा नव्हता, माझ्या लेसचा होता.

चेल्सीतही 2022 मध्ये, वेगळ्या शून्यांनिशी, असंच घडलं. नवे मालक मे महिन्यात आले आणि सहमालक टॉड बोली त्या उन्हाळ्यात स्वतःच हंगामी क्रीडा संचालक होऊन खेळाडूंचे सौदे करत बसले. वर्षभर आधी चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकून देणाऱ्या थॉमस टुखेलला सप्टेंबरमध्ये काढलं आणि ब्रायटनमधून ग्रॅहम पॉटरला उचललं, त्याच्या सहकाऱ्यांसकट. आता गंमत बघा. पाण्यासारखा पैसा ओतून चेल्सी त्या हंगामात बारावी आली. ज्याचा मॅनेजर पळवला तो ब्रायटन सहावा आला आणि पहिल्यांदाच युरोपीय स्पर्धेत खेळायला पात्र ठरला. ब्रायटनचे मालक टोनी ब्लूम यांच्याकडे पैसा आहेच, पण मॅनेजर गेला की पुढच्याचं नाव कागदावर आधीच असतं. खेळाडूचंही तसंच. रॉबर्टो डी झर्बी आठवड्या-दोन आठवड्यांत आला, कारण शोध आधीपासून चालू होता.

उपाय साधा आहे आणि फुकट आहे. एक पानभर लिहा: संघ कोण निवडणार, खेळाडू घ्यायचा की नाही यावर शेवटचा शब्द कोणाचा, किती रकमेपर्यंत कोण सही करू शकतो. मालकाचं नावही त्या पानावर हवं, त्याच्या हद्दीसकट. आम्ही भाचा-प्रकरणानंतर हेच केलं.

न आलेल्या पैशावर हंगाम उभा करणं

यात लीड्स युनायटेडचा हात कोणी धरू शकत नाही. अध्यक्ष पीटर रिड्सडेल यांच्या काळात क्लबाने पुढच्या 25 वर्षांच्या तिकीटविक्रीच्या तारणावर 6 कोटी पाउंडांचं कर्ज काढलं. हिशेब असा की दरवर्षी चॅम्पियन्स लीग खेळू, पैसे येतच राहतील. 2001 मध्ये संघ त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलाही. पण त्याच हंगामात लीगमध्ये चौथा, पुढच्या हंगामात पाचवा. चॅम्पियन्स लीग नाही, पैसे नाहीत. मग रिओ फर्डिनंडला विकलं, मागोमाग बाकीचे, 2004 मध्ये संघ खाली, 2007 मध्ये तिसऱ्या श्रेणीत. प्रीमियर लीगमध्ये परत यायला 2020 उजाडलं.

नंतर खर्चाची चिरफाड झाली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात राहिले ते अध्यक्षांच्या ऑफिसातले भाड्याचे गोल्डफिश, वर्षाला 240 पाउंड. मला मात्र ते मासे बिचारे वाटतात. क्लब माशांनी बुडत नाही, पगारांच्या करारांनी बुडतो.

कुठल्याही क्लबाची तब्येत बघायची तर आधी पगार आणि उत्पन्न यांचं प्रमाण बघा. युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉलच्या नियामक संस्थेने, आता संघावरचा खर्च उत्पन्नाच्या 70 टक्क्यांवर आणून ठेवलाय. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत कित्येक क्लब शंभर रुपये कमवून शंभराहून जास्त पगारात देतात. असा क्लब गुणतालिकेत वर दिसत असला तरी तो मालकाच्या मूडवर उभा असतो.

ट्रॉफी येतेय म्हणजे सगळं ठीक, हा समज

ग्लेझर कुटुंबाने 2005 मध्ये मँचेस्टर युनायटेड सुमारे 79 कोटी पाउंडांना घेतला, तेही बरंचसं कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबाच्याच डोक्यावर ठेवून. घर घेणारा एक आणि हप्ता घरानेच फेडायचा. तरी पुढच्या आठ वर्षांत पाच वेळा लीग जिंकली, म्हणून ओरडणाऱ्यांकडे फारसं कोणी बघितलं नाही. 2013 मध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसन आणि मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल एकाच उन्हाळ्यात गेले, तेव्हा कळलं की घराचा खांब ते दोघे होते. त्यानंतर लीग नाही, आणि 2024-25 मध्ये पंधरावा क्रमांक.

"चाहत्यांची मालकी आली की प्रश्न मिटला"

मिटत नाही. बार्सिलोना सभासदांचाच आहे, अध्यक्ष निवडणुकीने येतो. तरीही 2021 मध्ये कर्ज सव्वाशे कोटी युरोंच्या वर गेलं आणि मेस्सीला जाऊ द्यावं लागलं. निवडून यायचं तर मोठी नावं आणावी लागतात, बिल पुढच्या अध्यक्षाच्या काळात येतं. आपल्याला हे राजकारण समजावून सांगायची गरज नाही. उलट पोर्ट्समथ: 2008 ला इंग्लंडचा एफए कप जिंकलेला, 2010 ला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेला, एका हंगामात चार मालक बघितलेला क्लब. 2013 मध्ये तो चाहत्यांच्या ट्रस्टने घेतला, सावरला आणि चार वर्षांनी श्रीमंत मालकाला विकला. ट्रस्टचं काम आग विझवण्याचं होतं, ते झालं.

क्लबाला ‘प्रोजेक्ट’ समजणं

हे दुखणं आपलं, पुण्याचं. 2012-13 मध्ये पुणे एफसी आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, उपविजेता होता. काही वर्षांत तो गेला. भारत एफसी एका हंगामात आटोपला. डीएसके शिवाजियन्स गेला. 2019 मध्ये एफसी पुणे सिटीही गेला आणि त्याची आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) जागा हैदराबादकडे गेली. हैदराबादने 2021-22 मध्ये विजेतेपद मिळवलं, मग पगार थकले, खेळाडू पांगले, 2023-24 मध्ये संघ तळाला. 2025 मध्ये तीच जागा दिल्लीला पोचली. तीन शहरं फिरून आलेल्या त्या जागेवर एका तरी पोराने बापाचा हात धरून लहानपणापासून जाण्याची सवय लावली असेल का?

ब्लॅकबर्नचं पाहा. मालकांनी एवढे घोळ घातले, 2017 मध्ये माजी प्रीमियर लीग विजेता पहिल्यांदाच तिसऱ्या श्रेणीत गेला, तरी पुढच्याच वर्षी परत वर आला. वेंकीज पैसे भरत राहिले, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण आधीचे मालक, गावातलेच पोलाद व्यापारी जॅक वॉकर यांनी मागे ठेवलेलं स्टेडियम, उत्तम अकादमी आणि दर आठवड्याला शिव्या द्यायला का होईना येणारे लोक, हे वेंकीजच्या आधीचं होतं. पुणे एफसीकडे चांगली अकादमी होती, पण मैदान भाड्याचं आणि सगळा भार एका उद्योगसमूहाच्या इच्छेवर.

म्हणून क्लब काढताना पहिल्या वर्षी परदेशी खेळाडू नको. मैदानाचा निदान पाच वर्षांचा करार, चौदा वर्षांखालचा संघ आणि दोन महिन्यांच्या मानधनाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात, एवढं आधी करा. आमच्याकडे आता कोचचे पैसे 7 तारखेला जातात, स्पॉन्सरचा चेक आलेला असो वा नसो.

भाच्याने यंदा रीतसर निवड चाचणी दिली. कोचने घेतलं नाही. साहेबांचा चेक मात्र वेळेवर आला.