इटलीत भाड्याची गाडी चालवताना वेगाचा दंड कसा टाळाल

आपल्याकडे कॅमेरा दिसला की ब्रेक मारायचा आणि पुढे गेलं की परत पाय दाबायचा, ही सवय अनेकांच्या अंगवळणी पडलेली आहे. इटलीच्या आउटोस्ट्राडावर, म्हणजे तिथल्या मोटरवेवर, ती चालत नाही. तिथली 'ट्यूटर' यंत्रणा रस्त्यावरच्या कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधलं अंतर आणि लागलेला वेळ यांवरून सरासरी वेग काढते. कमानीखाली हळू गेलात तरी मधला वेग पकडला जातोच.

मिलानहून फ्लॉरेन्सला ए१ वरून जाताना मी हे केलं, आणि खरंच डोक्याचा ताप गेला:

१. गाडी ताब्यात घेताच, पार्किंगमध्येच स्टिअरिंगवरचं 'लिम' (स्पीड लिमिटर) बटण शोधा. हे क्रूझ कंट्रोल नव्हे. पाय तुमचाच राहतो, गाडी फक्त ठरवलेल्या वेगापुढे जात नाही.

२. कोरड्या रस्त्यावर १३० लावा. पाऊस सुरू झाला की लगेच ११०, कारण तिथे कायदाच तसा आहे. वायपर चालू केला की आकडा बदलायचा, एवढं लक्षात ठेवा.

३. रस्त्याच्या कामाजवळ फलक पाहून आणखी कमी करा.

ओव्हरटेक करताना अडलात तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, बहुतेक गाड्यांत मर्यादा तेवढ्यापुरती सुटते.

पुढे स्वित्झर्लंडला जाणार असाल तर मोटरवेची मर्यादा १२० आहे. आणि एक जपा: कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देणारं ॲप तिथे वापरणं बेकायदा आहे, सीमेआधीच बंद करा.